पालथा फ्लेक्स

दादाला जाऊन चार महिने होत आले होते, तेव्हा त्याने मला मोर्चाला बोलावलं.

झालं असं की हदगावला त्याच्या हाताखाली शिकलेल्या एका मुलीने माझ्या मोबाइलवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, 'ताई, सर किती छान दिसतात बघा.' बसस्टँडवर लावलेला तो एक मोठा फ्लेक्स होता. 'नवीन जिल्हा झालाच पाहिजे', पाडव्यानंतरच्या मोर्चाला हजारोंच्या संख्येने या, आणि खाली बोलावणाऱ्यांच्या चेहऱ्यांची रांग. त्या रांगेच्या मधोमध माझा भाऊ. मी फोटो मोठा करून पाहिला, पण वाढवला की चेहऱ्याचे नुसते चौकोन व्हायचे. नाव मात्र स्पष्ट होतं. मार्गशीर्षात गेलेला माणूस चैत्रात लोकांना मोर्चाला बोलावत होता.

दादा माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. नोकरीच्या निमित्ताने तो रत्नागिरीहून हदगावला गेला आणि निवृत्त झाल्यावरही परतला नाही. लग्न केलं नाही. सभासमारंभात तो मागच्या बाकावर बसायचा. आमच्या घरात त्याचे जेवढे फोटो आहेत त्या सगळ्यांत त्याने ओठ मिटलेले आहेत. लहानपणी पुढचा एक दात तुटला होता, तेव्हापासूनची ती सवय. तो गेला तेव्हा मी स्वतः दवाखान्यात होते, त्यामुळे चुलतभाऊ जाऊन आला. अस्थींचं मडकं फुटू नये म्हणून तिथल्या कोणीतरी ते प्लास्टिकच्या लाल बादलीत बसवून दिलं होतं. ती बादली मी अजून वापरलेली नाही.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव होतं आणि गाव, नांदेड. माझी खात्री झाली की कोणीतरी दादाच्या चांगल्या नावावर आपला जिल्हा उभा करत आहे. तो चेहरा तिथून काढायचा, एवढ्यासाठी मी निघाले.

नांदेड

नांदेडला उतरले ती दुपार. आमच्याकडे वैशाखात घाम येतो. इथे येत नाही, यायच्या आधीच वाळतो. लॉजवर खोली घेतली. दार सागवानी वाटलं म्हणून हात लावला, तर ते पोकळ होतं आणि बोट मारल्यावर डब्यासारखं वाजलं. जमिनीवर संगमरवराच्या चित्राचं कार्पेट अंथरलेलं होतं, त्याचा एक कोपरा वर वळला होता. खालच्या हॉटेलात टेबलावर लेसचं कापड दिसलं, तर तीही प्लास्टिकवर छापलेली लेस. नखाने खरवडून पाहिलं. वेटर म्हणाला, "पुसलेलं हाय, बाई."

मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं. या जातीच्या प्लास्टिकशी माझं वैर जुनं आहे. मध्यंतरी आमच्याकडे पुस्तकांना जाड, मऊ, चकचकीत कव्हरं घालायची टूम निघाली होती. काही वर्षांनी ती कव्हरं चिकट झाली आणि काढायला गेलं की मुखपृष्ठावरची अक्षरं त्यांच्याबरोबर निघून येऊ लागली. पुस्तकाचं नाव कव्हराच्या आतल्या बाजूला, उलटं. तेव्हापासून मी शपथ घेतली होती की जे राखायचं आहे त्याला हे लावायचं नाही. दादाला मी हे पत्रात लिहिलं होतं. त्याचं उत्तर आलं, 'इकडे आम्ही पाणी राखतो. पुस्तकांचं नंतर बघू.'

संध्याकाळी गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवले. फुकट जेवणाचाही मला संशय येतो, कोणीतरी शेवटी काहीतरी मागेल असं वाटत राहतं. कोणी काही मागितलं नाही. एका सरदारजींनी, पोळी नको म्हणत असताना, दोन्ही हातांनी वाढली आणि पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी छपाईचं दुकान शोधून काढलं. दुकानात शिरताच नव्या रेनकोटाचा असतो तसला वास आला, डोकं धरणारा. मधोमध मोठं यंत्र, त्यातून कोणा साहेबांचं कपाळ इंचाइंचाने बाहेर येत होतं. मालक इमरान, तिशीचा, कानाला मोबाइल लावूनच त्याने विचारलं, "बोला मॅडम. वाढदिवस का श्रद्धांजली?"

"छापायचं नाही. पुसायचं आहे."

"पुसायचं काम आमच्याकडं येतच न्हाई," तो हसला. मग माझा चेहरा बघून त्याने मोबाइल खाली ठेवला आणि खुर्ची दिली. रेक्झिनची, फाटलेल्या जागी फ्लेक्सचंच ठिगळ मारलेली. त्यावर कोणा उमेदवाराचा अर्धा नमस्कार होता.

मी त्या रोलला हात लावून विचारलं, हे कापड आहे का.

"कापड कुठलं, मॅडम! मधी धाग्याची जाळी, दोन्हीकडून प्लॅस्टिक. घागरीगत पाणी धरतंय. म्हणून तर बॅनर चढायच्या आधीच लोक सांगून ठेवतेत, साहेबाचा वाढदिवस झाला की फ्लेक्स मला. कोणी कडब्यावर टाकतंय, कोणी शेळीच्या छपरावर. जिल्ह्यात पुढारी वाढले की गोरगरिबाची छपरं वाढतेत." तो पुन्हा हसला. "आधी हाताने रंगवायचे, माझे वालिद पेंटर होते. एक बोर्ड दोन दिवस. आता सकाळी माणूस गेला की दुपारी चौकात लागतोय. धंदा हाय, मॅडम. ह्या रोलवर बारा माणसं जेवून राहिली."

मी मोबाइलवरचा फोटो दाखवला. त्याने लगेच ओळखला आणि संगणकावर उघडला. पडदाभर माझा भाऊ.

तो हसत होता. तोंड उघडून, तुटका दात दाखवून, डोळे मिटेपर्यंत. अंगात लाल चौकड्यांचा शर्ट. दादाने जन्मात पांढऱ्या-करड्याशिवाय रंग घातला नव्हता.

मला लॉजचं दार आठवलं, संगमरवर आठवला. या गावात प्रत्येक वस्तूवर दुसऱ्याच वस्तूचं चित्र होतं. मी म्हटलं, "हे तुम्ही जोडलंय. अंग दुसऱ्याचं आहे."

"न्हाई, मॅडम. मीच काढलाय हा फोटो. हदगावला, फ्लेक्सची ऑर्डर देणाऱ्या मन्मथअप्पांच्या दुकानात, दिवाळीच्या टायमाला. असेच हासून राहिले होते सर."

"तो असा हसत नाही."

"मग त्या दिशी हासले असतील."

तेव्हा मला तो माणूस फार हजरजबाबी वाटला, आणि हजरजबाबी माणसावर माझा विश्वास बसत नाही. मी म्हटलं, मी सख्खी बहीण आहे, माझ्या भावाचा फोटो माझ्यासमोर पुसून टाका. त्याने एकदा विचारलं, "अप्पांला फोन लावू?" मी नको म्हटलं. त्याने फोटो पुसला. मी म्हटलं, संगणकात कचऱ्याची पेटी असते, ग्रंथालयात मीही वापरलेली आहे, तिथूनही काढा. त्याने तिथूनही काढला. कॅमेऱ्यातलं कार्ड तर कधीच पुसून दुसऱ्या कामाला गेलं होतं.

"नंतर मागू नका, मॅडम," तो म्हणाला. "हे गेलं की गेलं."

चहा त्याने तरीही पाजला.

हदगाव

बसस्टँडवर उतरताच फ्लेक्स दिसला. रांगेतले सगळे चेहरे जागेवर होते, फक्त दादाच्या चेहऱ्यावर चंद्रकोरीसारखी चीर पाडलेली होती आणि तो तुकडा वाऱ्याबरोबर आतबाहेर फडफडत होता. मी खालीच उभी राहिले. शेजारी टरबूज विकणारी बाई म्हणाली, "वारा जायला पाडतेत, बाई. वावटळ आलती, पोरांनी चिरा पाडल्या. न्हाईतर शिडाच्या नावेगत बांबू घेऊन उडून जातंय."

"नेमका याच चेहऱ्यावर?"

"बाकीचे जिते हायेत की. त्यांच्यावर कोन ब्लेड चालवतंय?"

अप्पांचं दुकान तिने बोट करून दाखवलं. मन्मथअप्पा म्हणजे दादाच्या प्रत्येक पत्रात यायचे ते. सत्तरी गाठलेले, कपाळावर विभूतीचे तीन आडवे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी. दुकान पाइपांचं. बाहेर करड्या पाइपांच्या चळती, आत मोटारी, केबलची वेटोळी, नळाच्या तोट्या, न्हाणीघराची ती सागवानी चित्राची दारं. माझं नाव सांगताच ते उठून उभे राहिले आणि आतून तांब्या घेऊन आले. दुष्काळात पाहुण्याला तांब्या भरून देतात तेव्हा तो किती भरायचा याचा विचार झालेला असतो. तो काठोकाठ होता.

मी पाणी पिऊन लगेच विषयाला हात घातला. मेलेल्या माणसाचा चेहरा तुम्ही कशाला लावलात? त्याच्या नावावर काय मिळवायचं आहे?

"ताई, तुमी रागावलाव ते बरोबर हाय," अप्पा म्हणाले. "पर मला सांगा, मास्तरांच्या उजवीकडं कोन होतं बघितलंव का? आन डावीकडं?"

मी पाहिलं नव्हतं.

"एक माजी सभापती, दुसरा होऊ घातलेला. दोघं भाऊबंद, एकमेकाचं तोंड बघत न्हाईत. मीटिंगीला मास्तर मधी बसायचे म्हणून दोघं एका सतरंजीवर बसायचे. मास्तर गेले. फोटो काढला तर ते दोघं शेजारी येतेत. दोघांनी बी सांगितलं, आमचा फोटो त्याच्या शेजारी नको. मग मी म्हनलं, मास्तरांलाच राहू द्या. जितेपनी भांडण धरलं, आता बी धरतील." मग म्हणाले, "पानी न्हाई, पर जिल्हा पायजे. हासत्यात लोक आमाला. मास्तर बी हासायचे."

"हसायचा? दादा?"

"लई."

मला त्यांचं बोलणं खरं वाटायला लागलं होतं आणि तेच मला नको होतं. मी दुसरीकडून धरलं. म्हटलं, दुष्काळ पडला की तुमचा धंदा चालत असेल. बोअर खोल जाते, पाइप जास्त लागतो.

अप्पांनी मान हलवली. "पयल्या वर्षी चालतो. हाव, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या वर्षी पानीच लागत न्हाई, मग पाइप घेतंय कोन? तवा मी बी बसून राहतो, ह्या पाइपावानी, दोन्हीकडून उघडा." मग त्यांनी एक पाइप उचलून माझ्या हातात दिला. वीस फूट लांबीचा, आणि मी, साठ वर्षांची बाई, तो एका हाताने पेलू शकले. "आधी लोखंडी पाइप असायचा. चार गडी लागायचे, आन दहा वर्षांत गंजून चाळण. ह्यो एकटी बाई डोक्यावर नेती शेतात. कापसाला थेंब थेंब पानी जातंय ते ह्याच्यातून. तुमी ह्याला नावं ठेवताव म्हणून मास्तरांनी सांगितलं होतं मला. पुस्तकाची अक्षरं खातंय म्हने."

मी विचारलं, तो फोटो कसा काढला होता.

आणि अप्पांनी सांगितलं. दिवाळीआधीची गोष्ट. इमरान फ्लेक्सचं माप घ्यायला आला होता. दादा तिथेच, मी बसले होते त्याच स्टुलावर. पाइप जोडायच्या सोल्युशनचा डबा कलंडून त्याच्या शर्टावर सांडला. ते धुतल्याने जात नाही. म्हणून अप्पांनी आपल्या मुलाचा लाल चौकड्यांचा शर्ट त्याला घालायला लावला. तेवढ्यात शिवारातला एक शेतकरी नवा पाइप खांद्यावर घेऊन दुकानात आला. म्हणाला, "अप्पा, ह्यो पाइप वापस घ्या. खराब लागला. ह्याच्यातनं पानी येईना."

बोअर कोरडी पडली होती.

"मी म्हनलं, आरं बाबा, दुसरा नेला तर येईल का? तर तो म्हनतो कसा, बघायला काय जातंय. मी दिला बदलून. काय करता? दोन घंट्यांनी तो पुन्हा आला. म्हनला, अप्पा, ह्यो बी तसलाच निघाला. सगळी गाडीच खराब आलीय तुमची." अप्पा सांगताना हसत नव्हते. "तो दुसऱ्यांदा आला तवाच इमरान फोटो काढत होता. मास्तर असे हासले, असे हासले, मला वाटलं स्टुलावरनं पडतेत. आन मग एकदम गप झाले, म्हनले, अप्पा, त्याला तिसरा दे."

मी हातातला पाइप खाली ठेवला.

"ताई, तो फोटो इमरानकडं हाय बघा. मोठा करून घ्या एक," अप्पा म्हणाले.

मी त्यांना सांगितलं.

पाइपांच्या चळतीत वारा शिरून बारीक घूं घूं आवाज येत होता. अप्पा म्हणाले, "लई घाई केली, ताई." रागावले असते तर बरं झालं असतं.

दादाच्या खोलीत त्या रात्री मी राहिले. माझी पत्रं, शाळेची पुस्तकं, जमिनीवर तेच संगमरवरी कार्पेट, झिजून जिथे तो चालायचा तिथे पांढरं पडलेलं. सगळ्या फोटोंत ओठ मिटलेले.

सकाळी अप्पा स्वतः आले. त्यांना एक गोष्ट आठवली होती. मोर्चाच्या फ्लेक्सआधी, दादा जिवंत असताना, याच फोटोचा एक पहिला फ्लेक्स छापून आला होता. त्यात माजी सभापतींचं तोंड होऊ घातलेल्या सभापतींपेक्षा दोन बोटं लहान छापलं गेलं. भांडण झालं. तो फ्लेक्स चढलाच नाही, दुकानात घडी घालून पडून होता. "ऊन लागलं न्हाई, ब्लेड लागलं न्हाई. संक्रांतीला लेक माहेरी आलती, तिनं नेला. पान्यासाठी. शिवकांता. औशाकडं दिलीय."

मग त्यांनी लेकीला फोन लावला. "फ्लेक्स हाय का गं तो?" पलीकडून मोठ्याने उत्तर आलं, "हाय की! त्याच्यावरच तर दिवस काढून राहिलो."

लातूर

लातूरला जेमतेम अर्धा दिवस होते. हा जिल्हाही एके काळी नवाच होता. दादा सांगायचा, जिल्हा झाला तेव्हा मोठी मिरवणूक निघाली होती. आता सगळ्या शहरात घागरी, कॅन, निळ्या-काळ्या टाक्या रांगेत उभ्या. माणसं सावलीला आणि टाक्या उन्हात. एका टाकीवर कोणीतरी खडूने लिहून ठेवलं होतं, 'हलवू नये, मी येतो.' हॉटेलात अर्धा पेला पाणी मिळालं. उरलेला अर्धा हवा असेल तर मागायचा. आमच्याकडे वैशाख लागला की आम्ही प्लास्टिकचे कागद आणून पडवीला बांधतो, पावसाची झड आत येऊ नये म्हणून. इथे तोच कागद पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. हे मी हॉटेलवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुमची झड इकडं पाठवा, कागद आमी परत करतो."

औशाच्या पुढे

औशाला उतरून किल्ल्याकडे नुसती मान वळवली आणि किल्लारीच्या रस्त्याची जीप धरली. शिवकांताचं गाव भूकंपानंतर नव्याने वसवलेलं. गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ, घरं एकसारखी. दारोदार नळ होते, त्यांच्या तोट्यांना कोणी हात लावत नव्हतं. प्रत्येक अंगणात एक खड्डा.

शिवकांता चाळिशीची, उंच, बापासारखी विभूती लावलेली. "या, अक्का," म्हणाली आणि पायांवर घालायला अर्धा तांब्या पाणी दिलं. ते वाया जाऊ नये म्हणून तिने मला लिंबाच्या रोपाच्या आळ्यात उभं केलं.

खड्डा अंगणाच्या कोपऱ्यात होता. कमरेइतका खोल, दोन खाटा मावतील एवढा. त्यात पांढरं स्वच्छ अस्तर आणि काठोकाठ पाणी. वर झाकायला जुन्या साड्या. सकाळीच टँकर येऊन गेला होता.

मी वाकून पाहिलं. पांढरंच दिसलं. चेहरे कुठेच नव्हते. माझ्या मनात लगेच आलं, हा तो फ्लेक्स नव्हे, या लोकांनी मला उगीच एवढ्या लांब आणलं.

"चित्र कुठं आहे?"

"खाली, अक्का. मातीकडं. रंगाची बाजू पान्यात घातली तर रंग पान्याला लागतोय. म्हणून पालथा घालायचा."

काठावर फ्लेक्स गुंडाळून त्यात दगड ठेवले होते. त्या गुंडाळीवर तेवढी छापील बाजू वर आली होती. मी गुडघ्यांवर बसून वाचत गेले. माजी सभापतींचं नाव. मग दादाचं. मग दुसऱ्या सभापतींचं. नावं चेहऱ्यांच्या खाली असतात. म्हणजे त्या नावाच्या वीतभर खाली, पाण्याच्या मागे, मातीला तोंड लावून दादा हसत होता.

"काढून दिला असता, अक्का," शिवकांता म्हणाली, "पर आज सोडून गेलाय टँकर. आता पंधरा दिसांनी येतोय. तळ लागला की काढते. अप्पांनी सगळं सांगितलंय मला."

आतून तिची सासू ओरडली, "उपसा म्हनती का काय ती?"

"न्हाई हो, आत्या! कोकणातली हाय, पान्याची माया हाय तिला."

पाण्याची माया मला होती की नाही, ते तोपर्यंत मला माहीत नव्हतं. आमच्या विहिरीच्या काठावरून वाकलं की पाणी हाताला लागतं. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोक्यात हिशेब चालू होता, दोन गाई, एक म्हातारी, तीन माणसं, घागरी किती, हे पाणी कशाकशात काढून ठेवता येईल. शिवकांताच्या घरात तेवढी भांडी नव्हती. मी मोजून पाहिली.

जेवायला ज्वारीची भाकरी, कारळाची चटणी, ताक. भाकरी ती इतक्या थोड्या पाण्यात मळत होती की पिठाला नुसती ओल दाखवल्यासारखी. मी म्हटलं, प्लास्टिकमधलं पाणी प्यायला भीती नाही वाटत? वास येत नाही?

"येतोय की पयल्या खेपेला. ते जनावराला पन पाजलं न्हाई, लिंबाला घातलं. झाड जगलं म्हनल्यावर आमी बी प्यालो."

सासू दारात येऊन बसली होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "आमचं जुनं घर दगडाचं होतं. दोन हात रुंद भिती. लई थंड. आन त्या रात्री ते अंगावर आलं." तिने एक बोट वर केलं आणि छपराचा पत्रा दाखवला, मग खड्डा दाखवला. "ह्ये हलकं हाय. ह्ये अंगावर आलं तर झटकून उठता येतंय. तू भेतीस कशाला?"

माझ्याकडे उत्तर होतं, अक्षरं निघून येतात हे. चिखलाला चिकटून दादाचा चेहराही निघून आला असेल, तळ लागेल तेव्हा मातीवर उलटा उमटलेला दिसेल आणि झाडूने जाईल. पण त्या बाईसमोर ते बोलवलं नाही.

निघताना शिवकांता म्हणाली, "अक्का, नवा कागद पाठवा, तळ लागल्याबरोबर हा काढून तो घालते. हा धुवून, घडी घालून तुमाला पाठवते. अप्पांची आन." मी खड्ड्याजवळ पुन्हा गेले. पाण्यात हात घालून नावाच्या खालची ती पांढरी बाजू चाचपावी असं वाटलं. पण पिण्याचं पाणी होतं. ती म्हणाली, "घाला की." मी पदराला हात पुसला, आणि घातला नाही.

रत्नागिरी

परत आल्यावर पहिलं काम केलं ते बाजारात जाऊन जाड निळा कागद घेतला. दुकानदाराला तीनदा विचारलं, गळणार तर नाही ना. तो म्हणाला, पडवीलाच ना बांधणार? मी म्हटलं, नाही, विहीर करायची आहे. दुसऱ्या दिवशी पार्सलने औशाला पाठवला.

मग वाट बघत बसले. पंधरा दिवस गेले तशी झोप उडाली. नक्की तिने कागद कोणाला तरी दिला, नक्की टँकर आधीच आला, असं एकेक सुचत राहिलं. शेवटी मीच फोन केला.

"अक्का! कागद पोचला की तुमचा. लई जाड हाय. त्याच दिशी घातला."

"मग तो फ्लेक्स? तळ लागला होता?"

"न्हाई ना. तळ लागायच्या आधीच टँकर आला. मग म्या काय केलं, अंगणात दुसरा खड्डा खांदला, त्याच्यात तुमचा कागद घातला, दोन्ही भरून घेतले. आता म्हैस घ्यावी म्हनतेत घरातले."

तिला वाटलं फोन कटला.

"अक्का? रागावलाव का? मास्तर हायेत की तसेच. कुठं जातेत?"

तिने घडी घालून पाठवायचं कबूल केलं होतं, अप्पांची शपथ घेतली होती. मी ते बोलून दाखवायला तोंड उघडलं आणि विचारलं ते वेगळंच. "पहिल्या खड्ड्यात पाणी किती आहे?"

"काठाला लागून हाय."

"नावं दिसतात का अजून, गुंडाळीवरची?"

ती उठून गेल्याचं ऐकू आलं. बांगड्या वाजल्या, सासू काहीतरी विचारत होती, गाय हंबरली. मग फोनमध्ये तिचा आवाज, एकेक अक्षर जोडत, दादाचं नाव वाचणारा. मास्तरसकट.

"दिसतंय, अक्का."

"मग असू दे," मी म्हटलं. "दगड नीट ठेव त्याच्यावर."